शर्यतीची गाडी घ्यायचीय? आधी नियमावली घ्या!

बडोद्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. मुलगा चोवीस वर्षांचा, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत. पगारातून साठवलेले तीन लाख रुपये बँकेत आहेत आणि त्या पैशात जुनी होंडा सिटी घेऊन तिची शर्यतीची गाडी बनवायची, असं चिरंजीवांनी ठरवलंय. गाडी बघूनही ठेवलीय. वडिलांनी अबोला धरलाय. तुम्ही गाड्यांविषयी लिहिता, तर तुम्हीच सांगा, ती गाडी घ्यावी की नाही, असं या ताईंनी विचारलंय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. तीन लाखांत शर्यतीची हौस सुरू करता येते. पण तीन लाखांची गाडी घेऊन ती सुरू करता येत नाही. या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यापायी आपल्याकडची कितीतरी उमेदवार पोरं गाडी गॅरेजात उघडी पडलेली टाकून, हात हलवत घरी परतलीत.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ या, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना शर्यत म्हटलं की रात्री हायवेवर सायलेन्सर काढून गाड्या पळवणारी टोळकी आठवतात. त्याचा इथे संबंध नाही. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाखाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आपण बोलतोय ते बंदिस्त ट्रॅकवरच्या, क्लबांनी भरवलेल्या हौशी शर्यतींबद्दल. तिथे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं लायसन्स लागतं, डॉक्टरी तपासणी लागते, गाडीची तपासणी होते आणि वळणावळणावर झेंडे घेऊन माणसं उभी असतात.

आपल्याकडे ही हौस नवी नाही. मद्रासजवळच्या शोलावरम इथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर एकेकाळी फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड पळायच्या, त्याही रोजच्या वापरातल्या गाड्यांना घरच्या घरी मसाला घालून! मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९०मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे खास शर्यतीसाठी ट्रॅक उभारला. साधारण ३.७ किलोमीटरचा हा ट्रॅक आजही हौशी मंडळींची पंढरी आहे. दुसरा कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, सुमारे दोन किलोमीटरचा. ज्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय, त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८००चं इंजिन बसवून एक आसनी फॉर्म्युला मारुती गाडी बनवली आणि मध्यमवर्गीय पोरांना शर्यतीचं दार किलकिलं करून दिलं. त्याच दारातून पुढे नारायण कार्तिकेयन गेला आणि २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन मात्र ते बघायला नव्हते, १९९५मध्ये विमान अपघातात ते गेले. तिसरा ट्रॅक ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली.

आता गाडीकडे वळू. खरं तर इथेच पहिली चूक होते. पोरं आधी गाडी पसंत करतात आणि मग ती कुठल्या शर्यतीत बसते ते शोधायला लागतात. लग्नाचा हॉल बुक करून मग मुलगी बघायला निघण्यातला हा प्रकार! शर्यतींचे गट असतात. इंजिन किती सीसीचं, त्यात काय बदल चालतात, काय चालत नाहीत, टायर कुठले, हे सगळं गटागणिक ठरलेलं असतं. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन टुरिंग कार्स, ज्युनिअर टुरिंग कार्स, सुपर स्टॉक असे गट राहिले आहेत. त्या मोसमाची नियमावली आधी मिळवा. ती वाचून, त्या गटात शेवटच्या शर्यतीला कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या उभ्या होत्या हे विचारा. ज्या मॉडेलच्या गाड्या जास्त, ते मॉडेल तुमचं. कारण सोपं आहे. ट्रॅकवर शनिवारी संध्याकाळी तुमच्या गाडीचा अ‍ॅक्सल तुटला, तर शेजारच्या तंबूत तोच अ‍ॅक्सल जादा पडलेला असतो, आणि शर्यतीच्या गोतावळ्यात सहसा कुणी नाही म्हणत नाही. तुम्ही जगावेगळी गाडी आणलीत, तर रविवारी इतरांच्या गाड्यांचे फोटो काढत बसा.

म्हणूनच वर्षानुवर्षं आपल्याकडे सलून कारच्या शर्यतींत मारुती एस्टीमचा बोलबाला राहिला. १९९४ ते २००७ अशी तेरा वर्षं ही गाडी बनली. १२९८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, सुरुवातीला कार्ब्युरेटरवर ६५ हॉर्सपॉवर, पुढे एमपीएफआय आल्यावर ८५. आकडा ऐकून आजची पोरं नाक मुरडतील. पण गाडीचं वजन बघा, जेमतेम पावणेनऊशे किलो! त्यातून मागची सीट, गालिचे, एसी, दाराच्या गाद्या काढल्या की आणखी हलकी. शिवाय याच इंजिनावर एलजीबी फॉर्म्युला १३०० या एक आसनी गाड्याही धावल्यात. म्हणजे या इंजिनाची नस न् नस ओळखणारे मेकॅनिक चेन्नई-कोइमतूरला पिढीजात तयार झालेत. २००५ची पहिली स्विफ्ट १३०० सीसीची, ८७ हॉर्सपॉवरची होती. तिचं इंजिनही याच घराण्यातलं.

मग होंडा सिटीचं काय? चिरंजीवांची पसंती वाईट नाही. जुन्या पिढीतली, २०००च्या सुमाराला आलेली १.५ व्हीटेक सिटी १०६ हॉर्सपॉवरची होती आणि त्या काळी तिच्यासमोर भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. टुरिंग कार्सच्या शर्यतीत तिने नाव काढलंय. पण ती एस्टीमपेक्षा जड, वेगही जास्त. जड गाडी जास्त वेगातून थांबवायची म्हणजे ब्रेक आणि पुढचे टायर यांचा फडशा. सुट्या भागांच्या किमती मारुतीपेक्षा चढ्या. आणि आता ते इंजिन चांगल्या अवस्थेत मिळणं हे दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. जास्त ताकदीची गाडी नवशिक्याला शिकवत नाही, ती त्याच्या चुका झाकते. वळणात गडबड केली तरी सरळ रस्त्यावर ती भरून काढते, आणि पोराला वाटतं, जमलं! कमी ताकदीच्या गाडीत एकदा वेग हातचा गेला की पुढच्या वळणापर्यंत परत येत नाही. म्हणून ती शिस्त लावते. मला विचाराल तर पहिल्या दोन मोसमांसाठी होंडा नको.

याहून स्वस्त हवं असेल तर मारुती झेन आहे, ९९३ सीसीची. किंवा आपली ८००. सर्किटवर दोघींसाठी गट मिळेलच असं नाही, पण मातीच्या मैदानावर होणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये त्या मजा आणतात. ऑटोक्रॉसमध्ये घड्याळाशी झुंज असते, एका वेळी एक गाडी, टक्कर नाही, वेग कमी. गाडी घसरली की काय करायचं हे कळायला यासारखी शाळा नाही.

परदेशातही हौशी मंडळींनी हाच मार्ग धरलाय. ब्रिटनमध्ये ७५० मोटर क्लब १९३९मध्ये स्थापन झाला, तो त्या काळच्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनच्या भोवती. अमेरिकेत माझ्दा मियाटा ही १९८९ची दोन आसनी गाडी क्लब शर्यतींचा कणा झालीय. हजार किलोच्या आत वजन, मागच्या चाकांना ताकद, आणि सगळ्यांकडे तीच गाडी. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी मुलांपैकी कुणाला ही हौस आली, तर डोळे झाकून तीच घ्यावी. भारतात ती कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, आणि जुनी गाडी आयात करायची तर वयाची मर्यादा आणि सीमाशुल्क ऐकूनच घाम फुटतो. ते स्वप्न इथे बघू नये.

अमेरिकेतच २००६पासून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची गमतीदार शर्यत भरते. लेमन म्हणजे भंगार गाडी. अट अशी की गाडी पाचशे डॉलरच्या आत बसवायची. पण त्यात मेख आहे! पिंजरा, आसन, पट्टे, ब्रेक, टायर यांचा खर्च त्या पाचशेत धरत नाहीत. तिथे हवा तेवढा खर्च करा म्हणतात. ज्या शर्यतीत सगळं काही थट्टेवारी नेलं जातं, तिथेही सुरक्षेची थट्टा नाही. तीन लाखांचं अंदाजपत्रक मांडताना बडोद्याच्या तरुणाने नेमकं हेच करावं.

माझा हिशेब असा आहे. हातात असलेल्या रकमेचा जास्तीत जास्त तिसरा हिस्सा गाडीवर. दुसरा हिस्सा जीव वाचवणाऱ्या वस्तूंवर, आणि तिसरा हिस्सा प्रत्यक्ष धावण्यावर. धावणं म्हणजे प्रवेश फी, टायर, पेट्रोल, ब्रेक पॅड, गाडी वाहून नेणं, मेकॅनिकचा खर्च, लॉज. बडोदा काय नि मुंबई काय, ट्रॅक दक्षिणेत. मुंबई ते चेन्नई सुमारे १,३०० किलोमीटर! एका मोसमात हा प्रवास अनेकदा. गाडी ट्रकवर चढवून पाठवा किंवा तिथल्याच एखाद्या गॅरेजात ठेवा. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, पण मग मधल्या दिवसांत तिच्यावर स्वतः हात चालवता येत नाही.

आता गाडी बघायला गेल्यावर काय बघायचं? लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात. शर्यतीसाठी घेताना उलटं करा, आधी पत्रा बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं, आणलेलं इंजिन टाकता येतं. मुंबईत कुर्ला आणि चेन्नईत पुदुपेट्टई ही जुन्या पार्ट्सची ठिकाणं त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. पण गंजलेली किंवा ठोकून सरळ केलेली बॉडी कधीच पूर्ववत होत नाही. या वयाच्या गाड्यांचा पत्रा पातळ, त्यात कोकणपट्टीतली गाडी असेल तर खारी हवा. फ्लोअरवरचे गालिचे उचला, पुढचे शॉक अ‍ॅबसॉर्बर वर जिथे बोल्टने बसतात तिथे टॉर्च मारून बघा, दारांच्या खालची पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. चारही दारं एका बोटाने बंद होतात का? उद्या पिंजऱ्याचे पाय याच फ्लोअरवर वेल्ड होणार आहेत. खाली पापुद्रा असेल तर वर लोखंड कितीही जाड असो, काय उपयोग?

इंजिनाचं म्हणाल तर कॉम्प्रेशन तपासा, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप घेतल्या घेतल्या बदला, आधीचा मालक कितीही शपथा घेवो. आणि एक गोष्ट जी रस्त्यावर कधी कळत नाही... लांब वळणात गाडी जोरात गेली की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जाऊन चढतं. पंपाला ऑइलऐवजी हवा मिळते आणि काही सेकंदांत क्रँकचे बेअरिंग जातात. म्हणून चेंबरमध्ये पत्र्याचे आडोसे वेल्ड करून घेतात आणि ऑइलची पातळी कधी वरच्या खुणेच्या खाली जाऊ देत नाहीत. हजार-दोन हजारांचं काम, इंजिन वाचवतं.

तसंच ब्रेक ऑइलचं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी धरल्यावर हाच आकडा १५५पर्यंत उतरू शकतो. ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्यांत ब्रेक इतके तापतात की जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. समोर वळण, पायाखाली काही नाही! म्हणून प्रत्येक शर्यतीआधी ब्रेक ऑइल नवं. चांगले पॅड आणि ताजं ऑइल यावर खर्च केलेला रुपया इंजिनावर खर्च केलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त वेग देतो, कारण उशिरा ब्रेक मारता येतो. हे पोरांना सांगून पटत नाही, त्यांना आधी मोठा सायलेन्सर हवा असतो.

इथे वडिलांच्या अबोल्याबद्दल बोलायला हवं. त्यांची भीती खोटी नाही. जानेवारी २०२३मध्ये इरुंगट्टुकोट्टईलाच के. ई. कुमार हे एकोणसाठ वर्षांचे, अनेक मोसम पाहिलेले ड्रायव्हर सलून कारच्या शर्यतीत गेले. दुसऱ्या गाडीशी संपर्क होऊन त्यांची गाडी ट्रॅकबाहेर गेली, कुंपणावर आदळली आणि टपावर पालथी झाली. अनुभव होता, ट्रॅक ओळखीचा होता, डॉक्टर-अ‍ॅम्ब्युलन्स हजर होती. तरी झालं. हा धोका शून्य करता येत नाही, आणि तो शून्य आहे असं आई-वडिलांना सांगणाऱ्या मुलावर विश्वास ठेवू नये. कमी मात्र करता येतो, आणि तो कमी करण्याचे पैसे लागतात. म्हणून तर दुसरा हिस्सा.

पिंजरा म्हणजे रोल केज. तो बिनजोडाच्या पोलादी नळीचाच हवा. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडीची नळी सांगितलीय. शोभेसाठी बसवलेली पाण्याच्या पाइपची कमान अपघातात आधार देत नाही, उलट वाकून भाल्यासारखी आत येते. दुसरं, पिंजरा बसवलेली गाडी हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवू नये. साध्या धडकेतही डोकं त्या नळीवर आपटतं. हेल्मेट मोटारशर्यतीच्या मानांकनाचं घ्यावं, स्कूटरचं चालत नाही. आणि मान सांभाळणारं ते खांद्यावरचं उपकरण, ज्याला हान्स म्हणतात, ते नियमात असो वा नसो, विकत घ्यावं. अमेरिकेत २००१मध्ये डेल अर्नहार्टसारखा अव्वल ड्रायव्हर ते न वापरता गेला आणि जगाचे डोळे उघडले. २००३पासून फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचं आहे.

विम्याचंही घरात बसून एकदा बघाच. आपल्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी संरक्षण नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडीचा चुरा झाला तर तो खर्च तुमचा. आयुर्विमा किंवा अपघात विमा असेल तर मोटारशर्यतीबद्दल कंपनीला लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या. लपवलंत तर भोगावं लागेल ते मागे राहिलेल्यांना. सीट-काचा काढून, पिंजरा बसवून बदललेली गाडी आरटीओच्या लेखी रस्त्यावर चालवण्याजोगी राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. रोज ऑफिसला नेऊ आणि रविवारी शर्यत करू, हे गणित बसत नाही. एकाच गाडीने दोन संसार होत नाहीत!

मग स्वतःची गाडी घेण्याआधी काही मधला रस्ता? आहे. गाडी भाड्याने घेणं. शर्यतीचे संघ आपली सलून गाडी किंवा फॉर्म्युला गाडी एका शर्यतीसाठी वा मोसमासाठी देतात. गाडी, मेकॅनिक, टायर, वाहतूक सगळं त्यांचं, तुम्ही हेल्मेट घेऊन यायचं. नुकसानभरपाईची अट मात्र आधी वाचून सही करा. पुण्याजवळच्या चाकणला तेव्हा बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोने २०१०पासून आपल्याकडे जी एकाच मॉडेलची कपस्पर्धा गाजवली, तीही याच धर्तीवर चालायची. एका शर्यतीचं भाडं ऐकून महाग वाटतं. पण पहिल्या वर्षी स्वतःच्या गाडीवर होणारा खर्च लिहून काढला, तर भाडं बहुतेकदा स्वस्तच निघतं. आणि तीन शर्यतींनंतर हौस फिटली, तर विकायला काही मागे उरत नाही.

त्याआधी आणखी स्वस्त पायरी कार्टिंगची. कोल्हापूरला कार्टिंगचा चांगला ट्रॅक झालाय, तिथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्यात. बडोद्याचीच मीरा एर्डा लहानपणी कार्टिंगपासून सुरुवात करून फॉर्म्युला गाड्यांपर्यंत पोहोचली. तेव्हा ताई, तुमच्या गावात या खेळाची माहिती असलेली घरं नाहीत असं समजू नका.

आणि तरीही स्वतःचीच गाडी हवी असेल, तर रस्त्यावरची गाडी घेऊन ती बनवू नका. बनलेली घ्या. मोसम संपला की कुणाचं लग्न ठरतं, कुणाची बदली होते, कुणी वरच्या गटात जातो, आणि त्यांच्या गाड्या निघतात. पिंजरा, आसन, पट्टे, सस्पेन्शन, जादा चाकं, कधी एखादं जादा इंजिनही सोबत येतं. बनवायला जेवढा खर्च झाला, तेवढी किंमत कुणालाच परत मिळत नाही. मालक हळहळतो, घेणाऱ्याचा फायदा होतो. मागच्या मोसमात ती गाडी किती शर्यती पूर्ण धावली हे क्लबच्या निकालपत्रकांवरून ताडून बघा. पहिली आलेली गाडी महाग असते. प्रत्येक वेळी आठवी-नववी येऊनही प्रत्येक वेळी शेवटपर्यंत धावलेली गाडी मिळाली, तर सोडू नका.

घेताना हार्नेसवर शिवलेली चिठ्ठी वाचायला विसरू नका. आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या पट्ट्यांची मुदत पाच वर्षांची असते आणि मुदत संपल्याचं साल त्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. ते उलटून गेलं असेल तर पट्टे दिसायला कितीही कोरे असोत, नव्या पट्ट्यांची किंमत तिथल्या तिथे सौद्यातून वजा करायला सांगा.